दोन फूट रुंदीची झोप

शाहूपुरी

आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा, आणि संध्याकाळी हवा खायची तर रंकाळा. समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या सुक्या बोंबलापुरता. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी शिडाच्या बोटीतून मुंबईहून मालदीवला गेलो असं सांगितलं की शाहूपुरीतले निम्मे लोक हसतात आणि उरलेले निम्मे विचारतात, कशाला? प्रश्न रास्त आहे. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर बहिणीच्या कमरेसाठी.

शाहूपुरीत माझा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे कापूस पिंजायची खोली आणि मध्ये मी. झोप हा माझा धंदाही आहे आणि छंदही. लग्नाला गेलं की सगळं वऱ्हाड जाजमावर लवंडतं, मी मात्र स्वतःची वळकटी घेऊन जातो. दुपारी जेवण झाल्यावर मला कुणी उठवत नाही, आणि उठवलंच तर त्या गिऱ्हाइकाला माल मिळत नाही. बशीतून चहा, उशाला दोन उश्या, पायाखाली एक, एवढं जमलेलं असताना स्वर्गाचं बोलावणं आलं तरी मी विचार करून कळवीन.

माझी थोरली बहीण, आक्का, पेठ वडगावला असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. लग्न झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत दाजी समुद्रावर आणि आक्का वडगावात. वर्षातून एकदा दाजी यायचे, मुलांना चॉकलेटं आणि मला परदेशी ब्लेडं द्यायचे, आपल्याच घरात पाहुण्यासारखे दोन-तीन आठवडे राहायचे आणि पेटी उचलून परत जायचे. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. निवृत्त झालेला माणूस आमच्याकडे शेत घेतो, नाहीतर प्लॉट घेतो. दाजींनी देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून शिडाची जुनी लाकडी बोट घेतली. एक डोलकाठी, खाली एक केबिन, पुढं सामानाला कोनाडा. गावाजवळच्या नदीवरून तिचं नाव ठेवलं 'वारणा'. बेत असा की आधी मालदीव, तिथून सेशेल्स, मग पुढं जमेल तिथवर, आणि बरोबर आक्का.

आक्काची कंबर दुखते. माझ्या गादीशिवाय तिला कुठं झोप येत नाही; मुंबईला लेकीकडे गेली तरी तिसऱ्या दिवशी वडगावच्या एसटीत बसलेली असते. डॉक्टरांनी तिला कडक अंथरुणावर झोपायला सांगितलं होतं, पण तो मी धंद्याचा अपमान समजून सोडून दिला होता. दाजींनी बेत सांगितला तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सरळ शाहूपुरीत आली, दाजींना दुकानातल्या बाकावर बसवलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आधी दत्ताला न्या. एवढा सुखाचा माणूस कोल्लापुरात दुसरा न्हाय. ह्यो झोपला तर मी बी झोपंन. ह्यानं न्हाय म्हटलं तर बोट इकून टाका."

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला कुस्तीच्या पंचाची दया आली. पण ठरलं. मालेपर्यंत मी जायचं, परत येऊन आक्काला सांगायचं. मी हो म्हटलं तर ती कोलंबोवरून विमानाने मालेला जाणार. नाही म्हटलं तर दाजी बोट मुंबईला परत आणून विकणार. जे असेल ते खरं सांगीन, असा शब्द मी दाजींना दिला. मनातून मात्र माझं ठरलेलं होतं. साठीला टेकलेल्या बहिणीला मी समुद्रात सोडणार नव्हतो.

मुंबई

परवानग्या, पासपोर्ट, डॉक्टरांच्या सुया, हे पुराण मी सांगत नाही. सांगायची गोष्ट म्हणजे बिछाना.

केबिनमध्ये दोन्ही भिंतींना एकेक फळी होती. रुंदी दोन फूट. एका बाजूला बोटीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला ताडपत्रीचा एक पडदा, खालून फळीला ठोकलेला. झोपल्यावर तो वर ओढायचा आणि छताच्या कड्यांना दोरीने बांधायचा. दाजींनी मोठ्या कौतुकाने तो बांधून दाखवला. मला ती शवपेटी वाटली. दोन फुटांत माणूस झोपतो का? आमच्याकडे म्हशीला यापेक्षा जास्त जागा देतात.

आक्काने 'दत्ता म्हणेल तसं करून द्या' असं बजावलेलं होतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. सुतार बोलावून डाव्या बाजूची फळी चार फूट रुंद करून घेतली. मधली वाट अडली, तिथून आडवं होऊन जावं लागायला लागलं, पण झोपेपुढं वाटेची काय किंमत? आणि तिच्यावर मी कोल्हापूरहून आणलेली गादी घातली. पहिल्या प्रतीचा कापूस, हाताने पिंजलेला, नेहमीच्या दुप्पट जाड, गादीपाटाच्या, म्हणजे खोळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाड नव्या कापडात भरलेली. चार माणसांनी ती बोटीत उतरवली तेव्हा धक्क्यावरचे लोक बघत उभे राहिले. पडदा आड येत होता म्हणून तोही मी काढून टाकला. दाजी एवढंच म्हणाले, "तुझी भन, तुझी गादी. कर तुला कसं पायजे तसं."

तिसरा गडी होता दाजींचा जुना सोबती केळुस्कर. हा वेंगुर्ल्याचा. दाजींबरोबर जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेला, अंगाने काटकुळा, बोलणं कमी आणि हसणं जास्त. त्याचं सामान एका पिशवीत मावलं. माझं सामान बघून तो हसायलाच लागला. आक्काने दिलेल्या दशम्या, शेंगांची चटणी, कांदा-लसणाची चटणी, गुळाची ढेप, डबाभर भडंग, इथवर ठीक होतं. पण सहा कपबश्या आणि धनगरी घोंगडं बघून त्याने दाजींना विचारलं, "पाव्हणो मेंढरां घेवन येवक नाय मां?"

दाजींची स्वतःची तयारी मात्र बघण्यासारखी होती. स्टोव्ह रॉकेलचाच, पण दोन खिळ्यांवर टांगलेला; बोट कशीही कलली तरी भांडं सरळ राहायचं. टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंचीची कड. छताला जागोजागी धरायला कड्या. आणि बोटीच्या मागच्या टोकाला प्लायवूडचं एक पान, त्याच्याखाली दांडे, बेअरिंग आणि दोऱ्या. हे यंत्र दाजींनी कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. वारा पानाला ढकलतो, पान दोरी ओढतं आणि दोरी सुकाणू धरते. माणसाने नुसतं लक्ष ठेवायचं. केळुस्करने त्याचं नाव बिनपगारी ठेवलं होतं.

किनारा सुटल्यावर

पहिले दोन दिवस मी नव्हतोच, असं समजा. पोटात होतं नव्हतं ते सगळं अरबी समुद्राला दिलं. केळुस्कर आमसुलाचं पाणी आणून द्यायचा, मी ते घोटभर घ्यायचो आणि तेही परत करायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुळाचा एक खडा माझ्या तोंडात घातला आणि तो आत राहिला. मग अर्धी दशमी राहिली. दुपारी मी भडंगाचा डबा मागितला तेव्हा दाजींनी आनंदाने बिनपगारीला सलाम ठोकला.

बरा झाल्यावर मी घरच्यासारखा चहा करून बशीत ओतला. मागून वारा असला की बोट पुढं जाता जाता दोन्ही बाजूंना डुलते. बशीतला चहा आधी माझ्या उजव्या बाहीत गेला, मग डाव्या मांडीवर. दुसऱ्यांदा ओतला, तो केळुस्करच्या पाठीवर. तिसऱ्यांदा बशीच गेली, आणि पाठोपाठ बाकीच्या पाच बश्या कपाटाचं दार उघडून एका रांगेत बाहेर आल्या. त्यानंतर मी पितळेच्या पेल्यातून चहा प्यायला शिकलो. जेवणाचंही तसंच. आपल्याकडे ताटात भात इथे, रस्सा तिथे, चटणी डावीकडे, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. बोटीवर एकच खोल वाडगा. त्यात भात, वर आमटी, वर चटणी, आणि वाडगा छातीशी धरून चमच्याने खायचं. भातात एक भाग समुद्राचं पाणी आणि दोन भाग गोडं घालतात, मीठ वेगळं लागत नाही. सकाळी कधी उडते मासे आपण होऊन डेकवर येऊन पडलेले असायचे. ते केळुस्कर तिरफळं घालून शिजवायचा, आणि खोटं कशाला सांगू, त्या वाडग्यातल्या कालवणाला मी आमच्या तांबड्या रश्श्याच्या शेजारी पाट मांडायला तयार आहे.

पण झोप. झोपेचं काही जमेना. चार फुटांच्या त्या गादीवर बोट डावीकडे झुकली की मी भिंतीवर आपटायचो, उजवीकडे झुकली की काठापर्यंत लोळत यायचो, आणि काठाला काही नाही, पडदा मीच काढून टाकलेला. जात्यात भरडायचं धान्य जसं फिरतं तसा मी त्या माझ्याच कापसावर फिरत होतो. पालथा झोपून पाहिलं, हातपाय पसरून पाहिलं, उश्या दोन्ही बाजूंना लावून पाहिल्या. शिवाय आवाज. कपाटात एक बाटली होती, ती दर हेलकाव्याला टण् करायची. ती शोधून बांधली की दुसरी सुरू. एका डुलकीच्या आशेने मी बोटीतला प्रत्येक चमचा हुडकून काढला. समोरच्या दोन फुटी फळीवर पडद्याआड दाजी आणि केळुस्कर पाळीपाळीने येऊन झोपायचे आणि तीन मिनिटांत घोरायला लागायचे. उठायचे तेव्हा दोघंही एकच प्रश्न विचारायचे. केळुस्करच्या बोलीत, "खंय इलाव?" कुठवर आलो? आणि वर पहाऱ्यावर असेल तो उत्तर द्यायचा, "इलाव, इलाव." आलोच की. चहूकडे नुसतं पाणी, कुठं येणार? पण विचारायचं आणि सांगायचं, ही त्यांची जहाजावरची जुनी रीत होती. मला हेवा वाटायचा, कारण झोपच लागली नाही तर उठून विचारणार काय?

त्यात हवा हवी म्हणून मी छताची झडप उघडी ठेवली. दाजींनी दोनदा सांगितलं होतं. एका दुपारी एक आडवी लाट आली, बोटीला थप्पड मारल्यासारखी लागली आणि झडपेतून सरळ माझ्या गादीवर उतरली. गादी पाणी प्यायली. चार-पाच बादल्या तरी प्यायली असेल. आम्ही तिघांनी ती कशीबशी वर नेली आणि डेकवर दोन दिवस वाळवली. दिवसा कोरडी कडकडीत वाटायची, सूर्य खाली गेला की पुन्हा ओली. मीठ हवेतलं पाणी ओढतं; पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ते मी आयुष्यभर बघत आलेलो, पण कापसाचंही तसंच होईल हे डोक्यात आलं नव्हतं. ओल्या मिठावर झोपून पाठीला पुरळ उठलं. केळुस्करने गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाठ पुसून दिली आणि घोंगडं पांघरायला दिलं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. वास मेंढराचा येतो, पण त्या पहाटे केळुस्करनेही त्याचा एक कोपरा स्वतःच्या पायांवर ओढून घेतला.

सकाळी दाजी मागं सुकाणूपाशी बसले होते. मी जाऊन सरळ सांगून टाकलं की आक्काला आणू नका. माझी ही गत, तर तिच्या कमरेचं काय होईल? मी शब्द दिलाय खरं सांगायचा, आणि खरं हे आहे.

दाजींनी शिडाची दोरी जरा ओढून बांधली. मग म्हणाले, "तुला वाटतंय मला तिला समुद्र दावायचाय. समुद्रात काय हाय? पाणी हाय. माझं बघून झालंय." त्यांनी सुकाणूकडे एक नजर टाकली. "दत्ता, लगीन झाल्यापासनं मी तिच्यासंगं किती जेवलोय, ते तिला बी ठावं हाय आन् मला बी. मला रोज तिच्यासंगं जेवायचंय. वडगावात ऱ्हाऊन बघितलं की. सकाळी उठलो की पाय आपोआप एसटी स्टँडवर जात्यात. गाड्या बघत बसतो. इतक्या वर्सांची सवय, घरात टिकतच न्हाय मी. ती ताट वाढून बसलेली असती. हितं बोटीवर मला उठून जायला जागाच न्हाय."

मी आक्काला ताटावर वाट बघताना कितीदा पाहिलं होतं, आणि दाजी कामात असतील असं धरून चाललो होतो. या माणसाला आपलं वागणं इतकं कळतं, हे मला त्या सकाळी कळलं, आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली. पण मायेने पाठ थोडीच बरी होते? माझं मत तेच राहिलं.

दाजींनाही ते दिसलं असावं. म्हणाले, "खरं सांगणार म्हणतोस, तर आधी नीट बघून तरी सांग. माझ्या जाग्यावर झोपून बघ एकदा."

जेवण झाल्यावर मी त्या दोन फुटी फळीवर चढलो. खाली नुसतं घोंगडं दुमडून घातलेलं. दाजींनी पडदा वर ओढला, दोऱ्या ताणून बांधल्या आणि माझ्या खांद्याशी हात घालून कापड घट्ट बसलंय का ते पाहिलं. एका अंगाला लाकूड, दुसऱ्या अंगाला कापड. बोट झुकली, मी भिंतीला टेकलो. उलटी झुकली, पडद्याने मला धरलं. आपटलो नाही, लोळलो नाही. आमच्याकडे शेतात भांगलणीला आलेल्या बाया तान्ह्या पोराला बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत घालतात आणि ते पोर सगळा दिवस निवांत असतं, ते डोळ्यांसमोर आलं. पुढचं काही आठवत नाही.

मी झोपलो तेव्हा पाऊस आला, वारा फिरला, शीड उतरवून पुन्हा चढवलं गेलं, केळुस्कर माझ्यावरून वाकून दोन वेळा दोरखंड घेऊन गेला. हे सगळं मला नंतर कळलं. डोळे उघडले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि बऱ्याच दिवसांनी माझी मान, पाठ, कंबर, सगळं आपापल्या जागी होतं. मी पडद्याआडूनच ओरडलो, "कुठवर आलो?"

वरून दोघंही एकदम म्हणाले, "इलाव, इलाव," आणि केळुस्कर इतका हसला की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी मी डेकवर बसून विचार केला. गाद्या भरण्यात माझे केस पिकले, पण झोप म्हणजे मऊपणा असंच मी धरून चाललो होतो. हलणाऱ्या जागेत मऊ आणि रुंद गादीवर अंगाला सारखा पहारा द्यावा लागतो. झोपेतही स्नायू स्वतःला धरून ठेवतात आणि सकाळी तेच दुखतात. इथे धरायचं काम कापड करतं, अंगाला सुट्टी मिळते. इतकी साधी गोष्ट कळायला मला घरापासून एवढ्या लांब यावं लागलं.

मग मात्र मी कामाला लागलो. सुताराने जोडलेल्या फळ्या आम्ही भर समुद्रात करवतीने कापून काढल्या आणि वाट मोकळी झाली. गादी उसवली. कापूस वाया गेला नाही. तो मी कपाटात बाटल्यांच्या, कपांच्या, डब्यांच्या मध्ये ठासून भरला आणि बोटीतली टणटण कायमची बंद झाली. दाजी म्हणाले, कोल्हापुरी कापसाचा याहून चांगला उपयोग त्यांनी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर आली, तिच्यात गादीपाट धुऊन घेतलं, मीठ सगळं निघून गेलं. वाळल्यावर दाभण आणि शिडाचा दोरा घेऊन त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा मी डाव्या फळीसाठी पडदा शिवला, दुहेरी, काठाला चौपदरी शिवण घालून. गिऱ्हाइकाचं माप मी नजरेने घेतो, इथं तर गिऱ्हाईक जन्मापासूनचं. डोक्याशी आक्काच्या चष्म्याला एक खिसा केला आणि त्याच्या शेजारी सुपारीच्या डबीला एक. दाजींनी तो दुसरा खिसा बघितला, त्यात दोन बोटं घालून पाहिली आणि वर निघून गेले.

माले

जमीन आधी दिसत नाही, आधी माडांचे शेंडे दिसतात. पाण्यातून कुणी केरसुण्या उलट्या रोवल्यासारखे. मग पाण्याचा रंग बदलतो, निळ्याचा हिरवा होतो, आणि तळाची वाळू दिसायला लागली की भीती वाटते, कारण वाळूबरोबर खडकही असतात. दाजी डोलकाठीपाशी उभं राहून हाताने दिशा दाखवत होते, केळुस्कर सुकाणूवर, आणि मी मध्ये उभा राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला कोल्हापुरी आवाजात पोचवत होतो. माझ्या आवाजाचा या प्रवासात एवढाच उपयोग झाला.

माले म्हणजे पांढऱ्या वाळूचे रस्ते आणि प्रवाळाच्या दगडाच्या पांढऱ्या भिंती. मोटारी जवळजवळ नाहीतच, सायकली भरपूर. माणसं फार हळू बोलतात. आमच्याकडे दोघं मित्र बोलत असले तरी परका माणूस भांडण सोडवायला येतो. इथे बाजारात घासाघीस चाललेली मला कळायलाच वेळ लागला. धक्क्याजवळच्या एका दुकानदाराने आम्हाला बसवून घेतलं, गोड चहा आणि माशाचं सारण घातलेले वडे दिले आणि शेवटी पातळ कातरलेली सुपारी पुढं केली. सुपारी बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. दाजी मात्र ती कातरलेली सुपारी हातात घेऊन नुसते बघत बसले होते.

त्या दुकानात बसायला काथ्याच्या दोरीची जाळी विणलेल्या खुर्च्या होत्या. अंगाला धरून ठेवणाऱ्या, वारा खालून खेळणाऱ्या, आणि कितीही भिजल्या तरी तासाभरात कोरड्या होणाऱ्या. मी उठून खुर्ची उलटी केली, सगळ्या बाजूंनी तपासली. दुकानदाराला वाटलं मला काही चावलं. मग खुणांनी बोलणं झालं आणि धंदेवाल्याला धंदेवाला कळला. निघताना त्याने मला सोललेल्या मऊ काथ्याचं एक मोठं गाठोडं बांधून दिलं.

दाजी मला निरोप द्यायला आले. मी काय सांगणार हे त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तार कर. ती काय म्हणंल ते." परतीचा प्रवास कोलंबोवरून, विमान, बोट आणि आगगाडीने झाला. त्यात जागा भरपूर होती आणि झोप नव्हती.

पुन्हा शाहूपुरी

आक्काला मी लगेच बोलावलं नाही. आधी तो काथ्या पिंजला, दोन फूट रुंदीची पातळ, घट्ट गादी भरली, तिला खालून मेणकापड आणि वरून गादीपाट लावलं. दुकानात भिंत आणि लाकडी कपाट यांच्यामध्ये फळी टाकली, कपाटाच्या बाजूला बोटीसारखा पडदा ठोकला आणि वर कड्या मारल्या. माझे कामगार एकमेकांकडे बघायला लागले. समुद्राची हवा मालकाला लागली, असं त्यांचं मत झालं होतं.

आक्का वडगावच्या दुपारच्या गाडीने आली. मी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ओकाऱ्या, बश्या, लाट, पुरळ, ओली गादी. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मग दाजींचं बोलणं सांगितलं. रोज तुझ्यासंगं जेवायचंय म्हणाले. एसटी स्टँडवर का जाऊन बसतात ते सांगितलं. बोटीवर उठून जायला जागा नाही तेही सांगितलं. आक्का हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

मग नाक पुसून तिने त्या फळीकडे बघितलं. "आन् झोपायचं ह्यात? दोन फुटात? मी काय कोथमिरीची जुडी हाय व्हय?"

मी म्हटलं, "पडून तर बघ. न्हाय जमलं तर तसं कळवतो. बोट इकत्यात दाजी."

शेवटचं वाक्य ऐकून तिने पदर खोचला. कामगारांना मी मागच्या खोलीत पाठवलं. कमरेवर हात ठेवून, कण्हत, मला शिव्या घालत ती फळीवर चढली. मी पडदा ओढला, दोऱ्या ताणून बांधल्या आणि दाजींनी माझ्या खांद्याशी पाहिलं होतं तसं हात घालून कापड घट्ट बसलंय का ते पाहिलं. आतून ती म्हणाली, लई कडक हाय. मग म्हणाली, दिवा बंद कर. मग काही म्हणाली नाही.

शाहूपुरीतली भर दुपार. बाहेर ट्रकवर माल चढत होता, हातगाडीवाला कुणाच्या तरी सात पिढ्या काढत होता. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी दारातूनच हळू आवाजात परत पाठवलं. उन्हाची तिरीप कपाटावरून उतरून जमिनीवर आली आणि उंबऱ्याकडे सरकली. वडगावची शेवटची सोयीची गाडी गेली. मी पडद्याशी कान लावला. आक्का घोरत होती, माझ्यासारखीच.

पडदा हलला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागायला आले होते. मला वाटलं आता कमरेचं गाऱ्हाणं येईल, गाडी चुकल्याचं येईल. आतून जड, झोपाळलेला आवाज आला.

"कुठवर आलो रे दत्ता?"

मी म्हटलं, "आलोच की आक्का. आता थोडंच ऱ्हायलंय."

मग मी तिचा चष्मा तिच्या हातात दिला, दोऱ्या सोडल्या, आणि आम्ही दोघं मिळून तारऑफिसात गेलो.